विकलेल्या घराची फुलपाखरं

मुकुंदवाडीचं घर विकलं ते मिस्टरांच्या गुडघ्यांमुळं. झोपायची खोली वरच्या मजल्यावर होती आणि जिना चढताना ते मध्येच कठडा धरून उभे राहायचे. मी शिकवते ती शाळा बिडकीनला, म्हणून पैठण रोडला लिफ्टची बिल्डिंग बघून आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. कपाटं आणली, पंखे आणले, भिंतीवरचे फोटो आणले. बाग तिथंच राहिली.

बाग म्हणजे फाटक आणि दार यांच्यामधली पट्टी, दोन खाटा मावतील एवढी. आम्ही राहायला गेलो तेव्हा तिथं नुसता मुरूम आणि विटांचे तुकडे होते. अकरा वर्षं मी तिथं खपले. नळाला पाणी आठवड्यानं यायचं, म्हणून तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून झाडांना घालायचे. शिंजीर, म्हणजे फुलातला मध पिणारा तो चिमुकला निळा-काळा पक्षी, यावा म्हणून केशरी फुलांचा हमेलिया लावला. तो चौथ्या वर्षी आला. मधमाश्यांसाठी तुळशीच्या मंजिऱ्या खुडायचं सोडून दिलं, तर शेजारणी नावं ठेवायच्या. कडीपत्त्यावर काळी फुलपाखरं अंडी घालायची. त्यांच्या अळ्या आधी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मग हिरव्यागार होतात. दरवर्षी दोन-तीन अळ्या मी बरणीत घालून शाळेत न्यायचे. कोषातून फुलपाखरू निघायच्या दिवशी कुणी बाकावर बसायचं नाही.

बुलबुलानं मात्र कधी घरटं केलं नाही. यायचा, मी ठेवलेल्या मातीच्या परळातलं पाणी प्यायचा, मधुमालतीच्या वेलात शिरून जागा बघितल्यासारखं करायचा आणि निघून जायचा. मी अकरा वर्षं वाट बघितली.

घर घेतलं ते एका तरुण जोडप्यानं. ती दवाखान्यात नर्स, तो कंपनीत. घर दाखवताना मी तिला बागेतलं एकेक सांगत होते आणि ती किचनचा ओटा किती लांब आहे ते बघत होती. तेव्हाच मी मनात म्हटलं, महिन्याभरात इथं फरशी पडणार.

चार महिन्यांनी मिस्टरांच्या नावाचं एक पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. ते आणायला मी गेले. फाटक उघडलं तर फरशी नव्हती. उलट झाडं दाटली होती, आणि ती ओठांवर बोट ठेवून दारात उभी होती. माझा हात धरून तिनं मला मधुमालतीपाशी नेलं. आत बुलबुलाचं घरटं होतं, त्यात तीन पिल्लं.

‘‘मॅडम, आमच्याकडं आता लई पाखरं येतात,’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘मला तर आधी चिमणी आन् कावळा सोडून काय ओळखू येत नव्हतं.’’

आमच्याकडं. मी ‘छान’ म्हटलं, पत्र घेतलं, चहाला थांबले नाही. रिक्षात बसले तेव्हा डोळे भरून आले होते, आणि ते आनंदानं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर मोबाइलवर तिनं काढलेले फोटो यायला लागले. शिंजीर, मधमाश्या, परळात अंघोळ करणारी साळुंकी. तिची ड्यूटी, घरकाम, सगळं सांभाळून ती हे केव्हा बघत होती देव जाणे. माझ्या गॅलरीत मी सात कुंड्या ठेवल्या होत्या, पाणी ठेवलं होतं, बाजरी ठेवली होती. पारव्यांशिवाय कुणी फिरकलं नाही. तिच्या फोटोंना मी उत्तर द्यायचे नाही. मिस्टर एकदा म्हणाले की झाडं तूच लावलीस, मग तुला बरं वाटायला पाहिजे. मी त्यांच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही.

पावसाळ्यात एका संध्याकाळी तिचा फोन आला.

‘‘मॅडम, कडीपत्त्यावर अळ्या झाल्यात. पानंच ठेवीनात. ह्यांनी औषध आणून ठेवलंय. मारू का?’’

अळ्या कशा आहेत ते मी विचारलं. काही शिटेसारख्या, काही हिरव्या, ती म्हणाली. मी गॅलरीत उभी होते. समोर एसीच्या डब्यावर दोन पारवे बसलेले.

‘‘मार,’’ मी म्हटलं. ‘‘नाहीतर झाड जाईल.’’

तिनं आभार मानले. मी फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. रागात बोलले असते तर एक वेळ बरं होतं. मी अगदी शांतपणे, वर्गात उत्तर सांगावं तसं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत तीन वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. शाळा सुटल्यावर घरी न जाता तशीच मुकुंदवाडीला गेले. फाटकातच औषधाचा वास आला. कडीपत्त्याखाली अळ्या पडल्या होत्या आणि मुंग्यांनी त्यांना ओढायला सुरुवात केली होती. शिंपी पक्षी कुंपणावर येऊन ओरडत होता. ती बाहेर आली, म्हणाली, बरं झालं विचारलं, सकाळीच फवारलं.

मी तिला पायरीवर बसवलं आणि सांगितलं की त्या फुलपाखरांच्या अळ्या होत्या, त्यांनी झाड मरत नाही, महिन्याभरात पानं परत फुटतात.

‘‘मग काल असं का सांगितलं?’’

‘‘तुझ्याकडं सगळं येतं म्हणून,’’ मी म्हटलं. ‘‘मला बघवत नव्हतं.’’

मला वाटलं, ओरडेल. ती उठली, पाइप आणला आणि एकेक फांदी धरून झाड धुवायला लागली. मी मदतीला पुढं झाले तर म्हणाली, राहू द्या. मग थोड्या वेळानं, पाठमोरीच, म्हणाली, ‘‘तुम्ही आता जा, मॅडम.’’

मी गेले. घरी मिस्टरांना सगळं सांगितलं. त्या दिवशी चहा त्यांनी केला.

फोटो बंद झाले. दोन-अडीच महिने काहीच आलं नाही. मी माफीचा मेसेज लिहायचे आणि पुसायचे, शेवटी एकदाचा पाठवला. तिनं तो वाचला, उत्तर दिलं नाही. मी मुद्दाम त्या गल्लीवरून जायचं टाळलं. एकदा मात्र स्टेशनकडं काम होतं तेव्हा रिक्षातून वाकून बघितलं. कडीपत्ता हिरवा दिसत होता.

दिवाळीच्या सुट्टीत तिचा मेसेज आला, एका फोटोसह. पानाचा गोल तुकडा पायांत धरून भिंतीच्या भोकात शिरणारी, मधमाशीसारखी एक माशी. खाली एवढंच लिहिलेलं: हे काय आहे? खरं सांगा.

फोटो मोठा करून मी पुन्हा पुन्हा बघितला. भिंत ओळखली, मीटरच्या पेटीखालची. ती माशी मी अकरा वर्षांत कधी बघितली नव्हती. मिस्टरांना दाखवली, त्यांनाही सांगता येईना. पुन्हा तोच हेवा वाटला, तरी फोन खाली ठेवला नाही.

‘ठाऊक नाही,’ मी लिहिलं. ‘माझ्या वेळी ही कधी आली नव्हती. भोक बुजवू नकोस.’