विस्तवापाशी संजीवनी

"रोडग्याच्या विस्तवावर कोंबडी? देवाचा विस्तव असते तो, शिवमची माय."

"मंग दोन पेटवू ना. एक देवाचा, एक कोंबडीचा."

"अन् बसन कोण? मी एकटा दोन्हीकडं?"

"तुमच्या गळ्यात माळ हाय, तुमी कोंबडीकडं फिरकूच नका. ते पोरं पाहतीन. रोडग्यावर मी बसतो."

संजीवनीचा नवरा दयाराम हसला. "रोडग्यावर बाया बसत नसतात," तो म्हणाला आणि विषय संपला म्हणून त्यानं चहाची बशी ओठाला लावली.

हे वाक्य संजीवनीच्या जुन्या ओळखीचं. वरवट बकालला नांदायला आली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, तेव्हापासून ती ते ऐकत होती. रोडग्याची कणीक बायांनी मळायची, वरण बायांनी शिजवायचं, वांगी बायांनी चिरायची, आणि गोवऱ्या रचून पेटवल्या की पदर सावरून मागं सरायचं. कणकेचा गोळा राखेत पुरण्यापासून तो फडक्यात घेऊन झटकेपर्यंतचं सगळं पुरुषांचं. त्यातही दयारामचं नाव मोठं. मारुतीच्या भंडाऱ्याचे तीनशे रोडगे तोच काढायचा. त्याच्या वडलांचा हातभर लांब चिमटा फडक्यात गुंडाळून माळ्यावर असे आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागत नसे.

पण सुलतानपूरला, तिच्या माहेरी, बापाला चार पोरीच. वावरात रोडगे करायचे झाले की तो म्हणायचा, विस्तवाले काय समजते पोरगा का पोरगी. दहाव्या वर्षी संजीवनी रोडग्यावर टिचकी मारून नुसत्या आवाजावरून सांगायची, हा कच्चा, हा झाला. लग्न झालं आणि त्या बोटाचं काम गेलं. पुढं ती शाळेत पोषण आहार शिजवायला लागली. चौदा वर्षं झाली, रोज एकशे ऐंशी पोरांची खिचडी. गॅसवर.

अशात शिवमचा फोन आला. पोरगा पुण्याला पंपाच्या कारखान्यात. सव्वीस जानेवारीला जोडून रविवार आला होता, तर सोबतचे सात जण गाव पाहायला येतो म्हणत होते. त्यांना घरी बारबेक्यू करायचं होतं. साहेबांच्या गच्चीवर एकदा झालं होतं म्हणे. संजीवनीनं विचारलं, ते काय असते. तो म्हणाला, विस्तव करायचा, भोवती बसायचं, भाजत जायचं आणि खात जायचं.

"म्हणजे रोडगेच की बे," ती म्हणाली.

"तसंच समज. पण दोन हजारांत बसव, आई. इकडं तेवढ्यात दोघं जेवतात."

फोन ठेवला आणि तिच्या अंगात वारं शिरलं. घरात विस्तव पेटणार, आणि तो तिच्या नावानं. पाहुणे तिचे, बेत तिचा, फोन तिला आलेला. आता तरी तिला त्या विस्तवापाशी बसायचं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत खिचडी ढवळता ढवळता ती इतकं काय काय पुटपुटत होती की मुख्याध्यापकांनी थांबून विचारलं, बाई, पाठांतर चाललंय का. ती म्हणाली, हो सर, परीक्षा हाय रविवारी.

शिवमनं पाठवलेली यादी तिनं मोठ्यानं वाचली. पनीर. मशरूम. शिमला मिरची. कोंबडीच्या टांगा. ब्रेड. दोन प्रकारचे सॉस. ऐकायला शेजारची गोजरबाई होती, सत्तरी ओलांडलेली, तोंडात दात चार आणि जीभ मात्र शाबूत. मशरूम म्हणजे काय ते कळल्यावर ती म्हणाली, उकिरड्यावरचं खायले पुण्याहून कायले आले मंग, पुण्याले उकिरडे नाहीत का.

संजीवनीनं एकेकाला रजा दिली. पनीर गेलं, त्या जागी घरच्या परड्यातली भरताची वांगी आली. मशरूमच्या जागी रताळी. तीही सकाळच्या भावात नाही, बाजार उठताना, विकणारी बाई गोणपाट झटकायला लागली की ढिगाच्या भावात. शिमला मिरची गेली, लवंगी आली. ती विस्तवावर काळी करायची आणि लसूण-मीठ घालून ठेचायची, म्हणजे सॉसही गेला. ब्रेडच्या जागी रोडगे. हरभऱ्याचे डहाळे वावरात होतेच. पेटत्या काडावर धरले की पाच मिनिटांत हुळा तयार. कोंबडीच्या टांगा मात्र तिनं ठामपणे नाकारल्या.

"टांग दिली का एक माणूस एक टांग घेऊन बसते," तिनं फोनवर पोराला समजावलं. "बिनहाडाचे दोन किलो घेतो अन् लिंबाएवढे तुकडे करतो. दह्या-मिरचीत मुरवतो."

"पुरतीन का?"

"पहिले पोटात रताळं जाऊ दे. मंग कोंबडी पुरते."

भाजायची जाळी बसस्टँडजवळच्या वेल्डिंगवाल्या जब्बारभाईनं दिली. खिडक्यांचे गज कापून उरलेले तुकडे होते, ते त्यानं जोडून दिले, आणि रंग लावू का विचारल्यावर स्वतःच म्हणाला, नको भाभी, रंग पोटात जाईल. पैसे घेतले नाहीत. त्याच्या घरची चार माणसं जेवायला धरली. तुकडे टोचायच्या सळयांचा प्रश्न तुरीनं सोडवला. तूर नुकतीच काढली होती, बांधावर चुकार ओली झाडं उभी होती. तिनं काड्या तासून पाण्यात भिजत घातल्या.

शनिवारी दुपारी पोरं आली, ओसरीवर बॅगा पडल्या, आणि हिशेब पक्का झाला: सतरा माणसं, वीस धरायची. राहिल्या फक्त गोवऱ्या. त्या तिनं दयारामला आणायला सांगितल्या, समोरच्या उत्तमरावांकडून, एकाच घरून.

इथं घोटाळा झाला.

विस्तवावर कोण बसणार याचं भांडण मिटलं नव्हतं, पण घरी रोडगे आहेत म्हटल्यावर दयारामचाही पाय जमिनीवर ठरेना. त्यात दोन हजारांची गोष्ट त्यानं मनावर घेतलेली. उत्तमरावांकडं गोवऱ्या विकत घ्याव्या लागल्या असत्या. म्हणून तो भंडाऱ्याला फिरतो तसा टोपलं घेऊन आळीत फिरला आणि घरटी पाच-पाच गोवऱ्या फुकटात मागून आणल्या. अकरा घरं. टोपलं अंगणात उपडं करताना त्याचा चेहरा असा खुलला होता की जणू लग्नाची वरात आणली.

संजीवनी गोवऱ्यांकडं पाहत राहिली. "कोणाकोणाच्या हायेत ह्या?"

त्यानं अभिमानानं अकरा नावं सांगितली. सातव्या नावाला त्याचा आवाज मंद झाला. अकराव्याला तो थांबला आणि त्यानं कपाळावरचा घाम पुसला. वरवटात हे लहान पोरालाही माहीत असतं: ज्याच्या घरची गोवरी, त्याचा रोडगा. गोवरी मागितली म्हणजे आवतन दिलं.

ती ओरडेल म्हणून तो उभा होता. ती ओरडली नाही. तिनं रताळ्यांचा ढीग पाहिला, वांगी पाहिली, आणि शिवमला सायकलवर गिरणीत पाठवलं, जाडं पीठ अजून सहा किलो. मग दयारामला म्हणाली, आता उद्या तुमी फक्त लोकांले या बसा म्हणा, तुमचंच आवतन हाय.

रविवारी ऊन कलताना अंगणात दोन विस्तव पेटले. गोठ्याच्या बाजूला जाळीचा, त्यावर शिवम आणि त्याचे दोस्त, मोबाइल खिशात आणि डोळ्यांत धूर. तुळशीच्या बाजूला गोवऱ्यांचा. तिथं दयाराम, गुडघ्यावर चिमटा आडवा ठेवून. संजीवनी मधे. धूर वर चढला आणि माणसं यायला लागली. शाळेत ती पोरं मोजत नसे, दाराबाहेरच्या चपला मोजायची. तशा तिनं फाटकापाशी मोजल्या. एकोणचाळीस जोड.

पुण्याचा एक पोरगा हळूच म्हणाला, काकू, पंगती किती पडतील?

"पंगत नाही पाडायची," ती म्हणाली. हे तिला त्याच क्षणी सुचलं आणि सुचताच हसू आलं. पंगतीत सगळं एकदम ताटात पडतं, कमी पडलं की आंधळ्यालाही दिसतं. विस्तवापाशी माणूस जे निघेल ते खातो आणि पुढचं निघायची वाट पाहतो. आधी डहाळे जाळले. चाळीस माणसं सोलत बसली, बोटं काळी, तोंडं काळी, गप्पा जोरात. डहाळे संपता संपता रताळी. मग वांग्याचं भरीत हातावर, ठेच्याचा ठिपका. कोंबडीची काडी फिरली तोवर लोक पोटावर हात फिरवत होते आणि तुकडा चाखून पुढं देत होते. गोजरबाईनं दोनदा घेतला आणि दात चारच म्हणून तिसऱ्यांदा.

या सगळ्यात दयारामला बसू कोण देणार. आवतन त्याचं. एकाला रामराम, दुसऱ्याला पाणी, आणि मग भंडाऱ्याचे कारभारी शालिग्रामभाऊ आले, त्यांना खुर्ची. शालिग्रामभाऊंनी त्याला धरूनच ठेवलं. इकडं गोवऱ्यांचा विस्तव पांढरा झाला होता. राखेत साठ रोडगे होते आणि ते उलटायची घडी आली होती. संजीवनीनं दोनदा हाक मारली. त्यानं हात वर करून 'आलो' केलं आणि आला नाही.

रोडगा वाट पाहत नाही. तिनं पदर खोचला, मातीवर पडलेला तो चिमटा उचलला आणि बसली.

चिमटा जड होता, पण हाताला नवा वाटला नाही. गालांवर धग आली. तिनं पहिला रोडगा उलटला, टिचकी मारली. कच्चा. दुसरा. कच्चा. कडेचा एक बाहेर घेतला, मारली, आणि आतून पोकळ टक्क आवाज आला. तिनं तो फडक्यात घेऊन झटकला. मग ती थांबली नाही. उलट, टिचकी, बाहेर. शिवमचे दोस्त काड्या सोडून भोवती येऊन बसले, एकजण तिच्या टिचक्या मोजायला लागला, आळीतल्या बाया पदर सावरून मागं सरायच्या त्या पुढं सरल्या. दयारामनं लांबून हे पाहिलं. उठला, दोन पावलं आला आणि तिथंच थांबला.

शालिग्रामभाऊंनी रोडगा फोडला, वरणात चुरला, घास घेतला. दुसरा घास घेतला.

"दयारामभाऊ," ते म्हणाले, "आतून काय उतरलाय हो. येवढ्या वर्षांत असा नाही खाल्ला तुमच्या हातचा."

दयारामनं मान खाली घातली.

"त्याच्या हातचा कायचा," गोजरबाई म्हणाली. "तिच्या हातचा हाय तो. डोळे हायेत का बटनं?"

शालिग्रामभाऊ विस्तवाकडं पाहत राहिले. तोंडातला घास मात्र चावत होते. मग म्हणाले, चैत्रात भंडारा हाय, विस्तवाचं कोणाकडं सोपवायचं ते तुमच्या घरात ठरवा अन् मले सांगा.

दिवेलागणीला आळी पांगली. पोरं ओसरीवर लोळली. एकही काडी उरली नाही, चार रोडगे उरले, ते गोजरबाईनं उद्यासाठी ओच्यात घातले. अंगणात राख ऊबदार होती. दयाराम संजीवनीशेजारी उकिडवा बसून उगाच काडीनं राख उकरत होता.

"चांगलं पुरवलं तू," तो म्हणाला. "चाळीस माणसं."

"पुरवलं ते राहू द्या. आता सांगा. शालिग्रामभाऊले काय कळवायचं? मी बसू का नाही?"

त्यानं काडी मोडली. तिच्या मांडीवरच्या चिमट्याकडं पाहिलं, त्याच्या बापाच्या, आता काजळीनं काळ्या झालेल्या. मग उठला, गुडघ्यावरची राख झटकली, फाटकापाशी उरलेल्या थोड्या चपलांतून आपल्या तेवढ्या पायानं चाचपून काढल्या, आणि चिमटा तिच्याच मांडीवर राहू देऊन, "कळवून येतो" एवढंच म्हणत शालिग्रामभाऊंच्या आळीच्या दिशेनं निघून गेला.