दात काढला त्याच दिवशी

वाशीमच्या डॉक्टरने माझी डावीकडची दाढ उपटली आणि तसाच नव्या दाताचा स्क्रू हातात घेतला. "पू नाही, चांगलं आहे काका," तो म्हणाला. "जागा रिकामी राह्यली की हाड झिजते. स्क्रू आजच बसवून टाकू, वरचा दात मागून."

दुखलं नाही. पण स्क्रू फिरण्याचा आवाज कवटीच्या आतून येत होता. आत बसून कुणी जातं ओढावं तसा.

रिकाम्या जागेचं हे बोलणं मी आधीही ऐकलेलं. पहिली बायको गेली तेव्हा तेराव्यालाच माझ्या चुलत्यांनी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला होता. वर्ष सरायच्या आत मी दुसरी आणली. रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात पहिलीचा टाक आला, चांदीच्या पत्र्यावर सोनारानं ठोकलेला चेहरा. ही जेवताना पहिला घास त्याला लावते, मग आपण खाते.

त्या दुपारी मी गाल धरून बसलो होतो. घास लावता लावता ती थांबली, टाक उजेडाला धरला.

"बाईचा गाल असा सुजल्यावानी काहून दिसते?"

पाहिलं. एका बाजूनं पत्रा फुगला होता. ठोका चुकला असेल, इतकी वर्षं लक्षात आलं नसेल. पण बाजू डावीच होती.

पहिली तापानं गेली, असं मी हिला आणि सगळ्यांनाच सांगत आलो. खरं म्हणजे तिची दाढ ठणकत होती, गाल फुगला होता. मी म्हटलं, केनवडचा बाजार होऊ दे, मग दाखवू. तिनं दाढेत लवंग दाबून मेथीच्या जुड्या बांधल्या. मी बाजारातून परतलो तर सूज गळ्यापर्यंत उतरलेली, श्वास घोगरा. अकोल्याच्या रस्त्यावर गाडीतच गेली.

तोंडात कापसाचा बोळा, जीभ जड. तशातच हे सगळं हिला सांगून टाकलं. त्या गालापुढे खोटं उभं राहीना.

बाई शेवटी काय बोलली, तिनं विचारलं. तोंडच उघडत नव्हतं, मी म्हटलं.

तिनं टाक पदराआड केला. म्हणाली, "माहा दात दुखला त मी भावाले सांगीन. तुमाले नाही."

तेव्हापासून ती माझ्याकडे पाठ करून जेवते. मी तिच्या चावण्याचा आवाज ऐकत बसतो. काल तो एकाच बाजूनं येत होता. गाडी काढू का, मी विचारलं. ती ताट तसंच ठेवून भांडी घासायला गेली.