सुजाताचं रेकॉर्डिंग आन् आमचा कारखाना

आमच्या सहकारी कारखान्यात साखरेपेक्षा किस्सेच जास्त पिकतात. त्या दुष्काळात तर गाळपच बंद. ऊस न्हाई, काम न्हाई, सगळी गोदामं किस्स्यांना मोकळी! त्यातले सुजाताच्या पियानोचे तेवढे सांगतो.

सुजाता म्हणजे आमच्या फिटरमामांची पोरगी. विहारातल्या पेटीवर बोटं फिरवता फिरवता शिष्यवृत्तीवर परदेशी गेली आणि पियानोची मोठी कलाकार झाली. मुंबईची एक कंपनी लोकांसमोर तिची पहिली रेकॉर्ड करणार होती. पोरगी अडून बसली, "आमच्या कारखान्याच्या हॉलमधी, न्हाईतर नको!" कंपनीनं ऐकलं, पण एका अटीवर. एकदाच वाजवायचं, आणि मधे बाहेरचा आवाज आला तर सगळं रद्द. आमचा जीव टांगणीला!

*

मीटिंगमध्ये एक डायरेक्टर म्हणाले, "पियानोला ट्रक कावून? पेटीच ना ती? माझा गडी डोक्यावर आणंल!"

ट्रक आला. डायरेक्टरांनी त्या धुडाभोवती एक चक्कर मारली आणि हळूच मला म्हणाले, "ऊस उतरवायची क्रेन चालू हाय का बगा बरं."

*

सूर लावायला मुंबईहून एक म्हातारेबाबा आले. म्हणाले, "हवा फार कोरडी आहे. लाकूड आकसतंय. हॉलमध्ये ओली पोती टांगा."

कँटीनवाल्या अनुसयाकाकू कडाडल्या, "माणसाला प्यायला न्हाई, आन् लाकडाला पाणी? आमची म्हस छावणीत हाय, तिला इचारून येते!"

दुसऱ्या दिवशी पहिलं ओलं पोतं काकूंचंच! धुण्याच्या पाण्यात बुचकळलेलं. मग सगळ्या कॉलनीनं तेच केलं. हॉलभर साबणाचा वास, पण सूर टिकले.

*

सरावाच्या दिवशी चेअरमन आबांनी दम भरला, "सुजाता उठल्याबिगर कुणी टाळी वाजवली तर त्याची मेंबरशिप रद्द!"

सुजाता वाजवायला लागली. मधे जरा थांबली, तर कडाकडा टाळ्या. कुणाच्या? आबांच्या!

सुजाता वळून म्हणाली, "आबा, राजीनामा कुणाकडं देताव?"

*

रेकॉर्डिंगच्या दुपारी हॉल गच्च. सुजाता असं काही वाजवत होती की फिटरमामा डोळे पुसत होते, आणि खरं सांगतो, मीही.

तेवढ्यात खिडकीतून रस्त्यावर धुरळा दिसला. पाण्याचा टँकर! चार दिवसांनी आलेला. फाटकाशी आला की लांबलचक हॉर्न द्यायचा, ही ड्रायव्हरची सवय. आता हॉर्न वाजणार आणि पोरीची रेकॉर्ड बुडणार! घरोघर हंडे कोरडे, तरी हॉलमधला एक माणूस जागचा हलला न्हाई.

दाराशी बसलेल्या अनुसयाकाकू मात्र उठल्या. चपला तिथंच सोडल्या आणि अनवाणी, तापलेल्या फुफाट्यातून पळाल्या.

आमचे कान फाटकाकडं. हॉर्न काही वाजला न्हाई.

थोड्या वेळानं काकू आल्या. मागोमाग ड्रायव्हर, स्वतःच्या चपला हातात धरून. काकूंनी त्याला शेजारी बसवलं.

शेवटचा सूर विरला. सुजाता उठली आणि हॉल नुसता दणाणला! रेकॉर्डिंगवाल्यानं कानावरचा हेडफोन काढून हवेत फिरवला, "आलं! सगळं स्वच्छ आलं!"

त्या कल्लोळात ड्रायव्हर काकुळतीला येऊन म्हणाला, "काकू, आता तरी टँकरची चावी द्या की!"

काकूंनी मूठ आणखी आवळली. "थांब रे! पोरगी अजून एक वाजवणार हाय!"