तलवारीपुढची वाटी

म्हैसुरात नजरबादला माझ्या माहेरी खंडेनवमीला खापरपणजोबांची तलवार पाटावर मांडतात. ते म्हैसूरच्या फौजेत शिपाई होते. शेजारी स्कूटरची किल्ली, भावाचे पाने, आईची विळी. पुढे पितळेच्या वाटीत दारू. आरती झाली की ती घरातल्या पुरुषांच्या तळहातावर घालायची, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. तिला दारू मात्र कोणी म्हणत नाही. तीर्थ म्हणतात.

यंदा माझा धाकटा भाऊ नुकताच व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला होता. बेळगोळच्या एका कारखान्यात तो मशीनवर असतो. केंद्रात जाण्याआधी त्याचे हात इतके थरथरायचे, की सुपरवायझर त्याला मशीनजवळ फिरकू देत नव्हता. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, एकदा तर न्हाणीघरात फिट येऊन पडला. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, आता एक थेंबसुद्धा नको. म्हणून मी आधीच सगळ्यांना फोन केले, यंदा वाटी नाही. सगळे म्हणाले, “आयतु, आयतु.” आमच्याकडे ‘आयतु’ म्हणजे ‘बरं’. ‘तसं करू’ असं नव्हे.

गावातल्याच विजयनगरहून, सासरहून, मी पोचले तेव्हा वाटी जागेवर होती. भरलेली. भाऊ समोर बसून तळहात मांडीवर पुसत होता. पुसायला हाताला काही लागलेलं नव्हतं.

“काका, हे काय?”

“वर्षाचा सण. तलवार कोरडी ठेवायची? शिपायांचं घराणं आपलं.”

“शिपाई खापरपणजोबा होते. तुम्ही बँकेतून रिटायर झालात.”

स्वयंपाकघराच्या दारात भावजय फिस्सकन हसली.

“सुम्ने इरु! गप्प बस,” काका माझ्यावर ओरडले. “थेंबभर तीर्थ ते. तीर्थानं कोणी मेलंय आजवर?”

“मेलंय की. तुमचा भाऊ.”

बाबा काविळीने गेले असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो. कावीळ कशाने झाली, हे विचारण्याइतकं वाईट कोणी वागलं नाही. त्यांचा पहिला घोटही याच पाटासमोरचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी वाटी उचलली.

“देवी कोपेल,” काका म्हणाले.

“कोपू दे. माझा पत्ता द्या तिला.”

आईच्या हातात आरतीची घंटा होती. ती तिने खाली ठेवली. मला वाटलं, आता ही रडणार. ती म्हणाली, “मोरीत नको ओतू. वास राहतो. बाहेर गटारात ओत.”

मी ओतून आले. भावाने माझ्या हातातून वाटी घेतली आणि नळाखाली चिंचेने घासायला बसला. घासली, हुंगली, पुन्हा घासली. मग मान वर न करताच म्हणाला, “अक्का, काकांच्या पिशवीत उरलेली बाटली आहे. आल्यापासून मला दिसतेय.”

त्याला ते तोंडाने बोलता आलं, एवढं मला पुरे होतं. मी सगळ्यांदेखत काकांच्या पिशवीत हात घातला. दुसऱ्याच्या पिशवीत हात घालू नये, हे मलाही शिकवलंय. बाटली काढली आणि तीही गटारात रिकामी केली.

काका न जेवता गेले. आम्ही त्याच वाटीत नारळाचं पाणी ठेवून आरती केली. तळहातावर घालताना मी धाकट्यापासून सुरुवात केली. त्याचा हात अजून थोडा थरथरत होता.

काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत.