नर्सबाई आणि चौथा सीझन

अंतराळात आजवर जे कोणी जाऊन आले असतील, त्यांच्यापैकी एकानेही आमच्या समोरच्या नर्सबाईंइतकं अंतराळ मनावर घेतलेलं नसेल. बाई स्वतः कधी विमानातही बसलेल्या नाहीत. त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे नंदुरबारहून नाशिकला मुलीकडे, तोही एसटीने, पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन. पण कोणत्या ग्रहावर हवा विरळ आहे, कुठे उतरताना मळमळतं आणि कुठल्या चंद्रावरचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, हे त्यांना आमच्या गल्लीतल्या नळाच्या वेळेपेक्षा पक्कं ठाऊक असायचं. एका ग्रहाला दोन सूर्य आहेत असं कळलं, तेव्हा माझी बायको गच्चीवर पापड घालत होती. बाई खालूनच म्हणाल्या, "तठे दोन सूर्य शेत. अर्धा दिन मा वाळी जातीन." बायकोने मान डोलावली. ती कोरीट गावची, शेतकऱ्याघरची. वाळवणाच्या गोष्टीत ती कुणाचीही थट्टा करत नाही.

बाईंची सगळी नोकरी सातपुड्यात गेली. धडगाव, मोलगी, काठी आणि नर्मदेच्या काठावरचे पाडे. खांद्याला लशींची पेटी, हातात बॅग, आणि जिथे वाट संपेल तिथून पुढे पायी. निवृत्त होऊन त्या आमच्या समोर राहायला आल्या त्याच वर्षी ओट्यावरून घसरल्या आणि पायाला प्लास्टर बसलं. आईने जागेवर बसावं म्हणून मुलीने टीव्हीवर एक परदेशी मालिका लावून दिली. हिंदीत आवाज दिलेली. एक अंतराळयान, त्यात दहा-बारा माणसं, दर भागात नवा ग्रह. पहिल्याच भागात यानातली डॉक्टरीण एकटीच बॅग घेऊन खाली उतरली. समोर अनोळखी लोक, त्यांची भाषा हिला येत नाही, आणि ते हिच्याकडे संशयाने बघताहेत. बाईंनी प्लास्टरचा पाय उशीवरून खाली घेतला आणि त्या ताठ बसल्या. महिन्याने प्लास्टर निघालं, पण मालिका काही सुटली नाही.

त्या मालिका बघत नसत, तपासत असत. शेजारी जाड रजिस्टर उघडं. त्यात रकाने आखलेले: भाग, ग्रह, रुग्णाचं नाव, लक्षणं, उपचार, शेरा. शेऱ्यात 'बरा', 'दगावला' किंवा 'पुढील ग्रहावर पाठवला' यांपैकी काहीतरी. एका हिरव्या कातडीच्या राजपुत्राला डॉक्टरणीने इंजेक्शन दिलं, तर बाईंनी भाग थांबवून मला समोरून हाक मारून बोलावलं. मी इंग्रजीचा मास्तर, उत्तरपत्रिका तपासत होतो. "भाऊ, दखा. कपडावरतीनच सुई टोचनी तिन्ही. आनि बॅग मा कापूस बी नही शे." मी म्हटलं, बाई, तो दुसऱ्या ग्रहावरचा माणूस आहे. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "कातडी तर शे ना त्याले."

आमच्याशी त्या अहिराणीत बोलत, डोंगरातलं कोणी आलं की पावरा आदिवासींच्या पावरीत. टीव्हीशी मात्र शुद्ध मराठीत. यानाचा कप्तान हा बाईंच्या मते हुबेहूब त्यांच्या एका जुन्या साहेबासारखा होता, आणि साहेबाशी कचेरीच्या भाषेतच बोलायचं असतं. कप्तानाने चुकीचा हुकूम सोडला की समोरच्या घरातून आवाज येई, "साहेब, या निर्णयाचा फेरविचार व्हावा, ही विनंती."

मालिकेच्या चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप होता. जळगाव, नागपूर, सांगली, कुठकुठली तरणी मुलं त्यात होती. मीच बाईंना त्यात घालून दिलं आणि फोटोच्या जागी यानाचं चित्र लावून दिलं. त्यांचे रोगांवरचे खुलासे वाचून ग्रुप इतका दबला की सगळे त्यांना 'सर' म्हणू लागले. मी म्हटलं, खरं सांगून टाका. "ऱ्हाऊ द्या भाऊ," त्या म्हणाल्या, "सिस्टर, सिस्टर आयकी आयकी कान किटी ग्यात."

तिसरा सीझन संपला तो फार वाईट ठिकाणी. एका ग्रहावर तापाची साथ आली होती. आजाऱ्यांना सोडून यायला डॉक्टरणीने नकार दिला, आणि कप्तान यान घेऊन निघून गेला. शेवटच्या दृश्यात ती दारात उभी राहून आकाशाकडे बघते, एवढंच. पुढचं कळायला दोन वर्षं थांबावं लागलं. त्या दोन वर्षांत बाईंनी तिची किती काळजी करावी? ओआरएस पुरेल का, ती स्वतः पाणी उकळून पीत असेल का, झोपत असेल का. रजिस्टरमध्ये त्या साथीसाठी त्यांनी चार पानं कोरी सोडली होती.

चौथ्या सीझनचा पहिला भाग एका शुक्रवारी दुपारी येणार होता. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाईंनी वरण-बट्टी केली होती. इस्त्रीची पांढरी साडी नेसून त्या खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं. भाग सुरू झाला.

आता काय सांगावं. यान एका अशा ग्रहावर उतरलं होतं, जिथला राज्यपाल बोकड होता. सूट घातलेला, दाढीवाला, बोलणारा बोकड. त्याने कप्तानाची ओळखपत्रं खाल्ली. मग कसल्याशा फुलाचा पराग उडाला आणि ज्याला शिंक येईल त्याचा आवाज दुसऱ्याला जाऊ लागला. आणि डॉक्टरीण? ती यानातच होती, छान केस विंचरून. साथीचं काय झालं असं कुणीतरी विचारलं, तर ती म्हणाली, "वो तो अपने आप चली गई." मग तीही शिंकली आणि कप्तानाच्या घोगऱ्या आवाजात बोलू लागली. शेवटी सगळे बोकडाच्या मुलीच्या लग्नात नाचले.

माझी बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. मी बट्टीच्या ताटाकडे बघत राहिलो, कारण वर बघितलं असतं तर मलाही आवरलं नसतं. बाईंनी टीव्ही बंद केला. पेनाला टोपण लावलं. मग त्या म्हणाल्या, "साथ आपोआप जास नही, भाऊ. साथ हाकलनी पडस."

ग्रुपवर हाहाकार उडाला होता. जळगावच्या एकाने यानाचं चित्र काढून काळा चौकोन लावला. सांगलीच्या मुलाने आपण दुपारपासून जेवलो नसल्याचं कळवलं आणि तासाभराने मिसळीचा फोटो चुकून त्याच ग्रुपवर टाकला. एकाने ठराव मांडला की चौथा सीझन घडलाच नाही असं सर्वांनी मानावं. नागपूरच्या एका मुलीने लिहिलं की मला तर बोकड आवडला. तिला तासाभरात तिघांनी उत्तरं दिली, त्यातलं एक दोन पानी होतं. आणि सगळे एकच विचारत होते: सर काय म्हणतात?

सर दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आल्या. मालिकावाल्यांना इंग्रजीत पत्र लिहायचं होतं. बाई सांगत होत्या आणि मी लिहीत होतो. "लिखा, तुम्हले जराक तरी लाज शे का नही." मी लिहिलं, आम्हांला थोडी निराशा वाटली. बाई कागदात डोकावल्या. "मी इतलं बोलनू, तुम्हीन इतलंसं लिखं?" मग प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून त्यांनी माझी सगळी सभ्यता पत्रातून काढून टाकली. साथ आटोक्यात आणण्याच्या नऊ पायऱ्या क्रमाने लिहवून घेतल्या. विहिरीत टाकायच्या पावडरीचं प्रमाणही घातलं. चार दिवसांनी, आपल्या प्रेमाबद्दल आम्ही आभारी आहोत, असं छापील उत्तर आलं. ते मी वाचून दाखवलं. रजिस्टर कपाटात गेलं.

मला वाटलं होतं, हा राग आठ दिवसांत निवेल. तसं झालं नाही. बाई ओट्यावर येईनाशा झाल्या. संध्याकाळी सगळ्या गल्लीची विचारपूस करणारी बाई दार लोटून बसू लागली. एका रविवारी मी जाऊन बसलो आणि म्हटलं, बाई, एका मालिकेपायी इतकं? तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा नर्मदेकाठच्या मणिबेलीकडच्या एका पावसाळ्याची गोष्ट सांगितली. एका पाड्यावर गॅस्ट्रोची साथ होती. डॉक्टर येऊन, औषधं देऊन परत गेले आणि नदी फुगली. होडी बंद. बाई आणि गावातली दाई, दोघीच. अकरा दिवस. "माले फक्त इतलंच देखनं व्हतं," त्या म्हणाल्या, "तिले लेवाले कोन येस."

मी विचारलं, "तुम्हाला घ्यायला कोण आलं होतं?"

"कोनी नही. होडीवाला बकऱ्या लेवाले उना व्हता. त्यास्ना संगे मी बी बठी गऊ." एवढं सांगून त्या चहा ठेवायला उठल्या.

पुढच्याच आठवड्यात ती दाई आली. तिचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हापासून ती तळोद्याकडे पुनर्वसनाच्या वसाहतीत राहते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला नंदुरबारला आणलं होतं, आणि बाईंचं घर असताना ती दुसरीकडे उतरणं शक्यच नव्हतं. बुटकी, सुरकुतलेली, दंडावर गोंदण. पट्टी सुटली, काळा चष्मा लागला, आणि चौथ्या दिवशी तिने टीव्ही लावायला सांगितलं. बाई म्हणाल्या, डोळ्याला ताण नको. ती पावरीत काहीतरी म्हणाली. बाईंनी नाइलाजाने मला सांगितलं, "म्हनस, मंग डोयानं ऑपरेशन कसाले कयं?" मी तिथेच होतो. टीव्ही लावला तर समोर तोच भाग येऊन थांबला. बाई तो बदलायला गेल्या, पण तेवढ्यात दाईला बोकड दिसला होता.

ती जी हसायला लागली, ती थांबेचना. आवाज न करता, आधी नुसते खांदे हलत होते. बोकडाने ओळखपत्रं खाल्ली तेव्हा तिने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. बाई भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत होत्या. मग डॉक्टरीण शिंकली आणि पुरुषी आवाजात बोलू लागली. त्यासरशी दाईने चष्मा वर केला, बाईंकडे बोट दाखवलं आणि भराभर काही सांगू लागली. बाई तिला गप्प करत होत्या. ती गप्प होईना.

मला पावरी कळत नाही, आणि बाई भाषांतर करायला तयार नव्हत्या. शेवटी दाईनेच मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. साथीच्या सातव्या-आठव्या दिवशी, पाणी उकळा, पाणी उकळा असं ओरडून बाईंचा आवाज पार बसला. शब्द फुटेना. मग बाई पुढे चालायच्या आणि दाई मागे. बाई नुसतं तोंड हलवायच्या, हात करायच्या, आणि मागून दाई तिच्या घोगऱ्या आवाजात पाड्याला दम भरायची. बाईंनी सांगितलेलं सांगायची, आणि बाई पुढच्या झोपडीकडे वळल्या की मागे थांबून स्वतःचेही चार शब्द घालायची: अमक्याने बायकोला मारू नये, तमक्याने माझी कोंबडी परत करावी. बाईंना वाटायचं, आपण सांगतोय म्हणून लोक ऐकताहेत. एका झोपडीसमोर एक आजारी बाई खाटेवर उठून बसली आणि हसायला लागली. मग शेजारची. आठ दिवसांत त्या पाड्यावर कोणी हसलं नव्हतं.

"कोंबडीनी गोष्ट तू माले कधी सांगीच नही," बाई अहिराणीतच म्हणाल्या, आणि लसणाची पाकळी हातात धरून हसू लागल्या. डोळ्यांत पाणी आलं, तरी हसत होत्या. आम्ही तो भाग पुन्हा पहिल्यापासून बघितला.

त्या दुपारी सरांनी ग्रुपवर आपलं मत कळवलं. साथ आपोआप गेली, हे वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे आणि तो आक्षेप कायम आहे. मात्र दमलेली माणसं साथ संपल्यावर वेड्यासारखी वागतात, हे खरं आहे. भाग पुन्हा पाहावा. सहा जण ग्रुप सोडून गेले. नागपूरच्या मुलीने बोकडाचं चित्र काढून पाठवलं. रजिस्टर कपाटातून बाहेर आलं, आणि उरलेले भाग बाईंनी माझ्यासोबत, पूर्वीच्याच कडक नजरेने तपासले.

उन्हाळ्यात त्या दाईच्या दुसऱ्या डोळ्याची चौकशी करायला वसाहतीत गेल्या. दोन दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि तीन आठवडे राहिल्या. आल्या तेव्हा उन्हाने काळवंडल्या होत्या, पण बऱ्या दिसत होत्या. म्हणाल्या, एक दिवस दोघी जुनं गाव बघायला गेल्या होत्या. बघायला म्हणजे पाणीच. होडीवाल्याने अंदाजाने एके ठिकाणी होडी थांबवली. दाईने बोट दाखवून सांगितलं, इथे शाळा, इथे तुझी खाट, इथे माझी पडवी. सगळीकडे सारखंच पाणी, वर आभाळ.

मी विचारलं, "मग?"

"मंग ती म्हने, त्या डॉक्टरीननं पुढे काय व्हयनं ते सांग." आणि बाईंनी त्या पाण्यावर बसून तिला पावरीत अख्खा चौथा सीझन सांगितला. भागवार, ग्रहवार. होडीवाला परत फिरायला इंजिनाची दोरी ओढणार होता. तोही हात थांबवून ऐकत बसला.