वाऱ्याच्या खोऱ्यातून माघारी

काली गंडकीच्या पात्रात दुपारी वारा सुटला की गाडी सरळ ठेवणं हेच मोठं काम होऊन बसतं. दाताखाली वाळू, मनगटात मुंग्या, कंबर तर बेनी गावाच्या पुढेच बधिर झालेली. मेहकरच्या शाळेत आयुष्यभर खडू झिजवलेला मी नेपाळातल्या मुस्तांगमध्ये गोट्यांवरून मोटारसायकल हाकत होतो, ते माझ्या साडूमुळे.

प्रल्हाद जळगाव जामोदचा, केळीचा शेतकरी. त्याची बायको सुनंदा माझ्या बायकोची धाकटी बहीण. दोन वर्षं ती डायलिसिससाठी बसने खामगावला जायची आणि पुष्कळदा उभ्यानेच परतायची. गेल्या वर्षी ती गेली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या रुग्णांसाठी एक गाडी घ्यायची, हे प्रल्हादने तेव्हापासून मनावर घेतलं. अशा कामांसाठी अवघड वाटांवर मोटारसायकलस्वारांना नेणारी एक संस्था त्याला सापडली. तिबेटच्या सीमेजवळच्या लो-मान्थांगपर्यंत जाऊन येतो, एवढ्या शब्दावर लोकांनी वर्गणी दिली. त्याला एकट्याला सोडवेना, म्हणून दसऱ्यानंतर मीही निघालो.

कागबेनीला मुक्काम पडला. जेवायला ढिँडो (कुट्टूच्या पिठाची घट्ट उकड) होता. प्रल्हाद म्हणाला, "आपल्या ज्वारीच्या घाट्यासारखा लागते, मास्तर." जेवून आम्ही तसेच आडवे झालो.

दुसऱ्या दिवशी एक खोला (ओढा) आडवा आला. बर्फाचं पाणी, खाली घसरडे दगड. संस्थेच्या ताफ्यातले बाकीचे पार झाले. प्रल्हादची गाडी मधोमध अडकली, कलंडली आणि तो उजव्या खांद्यावर पडला. आम्ही त्याला ओढून काढलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि हात लोंबत होता.

जवळच्या घरातल्या बाईने त्याला चुलीपाशी बसवलं. तिने आपल्या कमरेचा लांब लोकरी पट्टा सोडला आणि त्याचा हात छातीशी बांधला. "दाइ, हात नचलाउनुस्," (दादा, हात हलवू नका) असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तो मात्र दाराबाहेर उभ्या गाडीकडेच बघत होता.

"मास्तर, मी तुमच्या मांगं बसतो. चाला."

"प्रल्हाद, हाड मोडलं हाय."

"मोडू द्या! सुनंदा दोन वर्सं उभ्यानं आली. मी मधातूनच वापस जाऊ? लोकाइले काय सांगू?"

"जे झालं थे सांगू."

"मंग तुमी तरी जा. माह्या हाताचं मी पाह्यतो."

ताफा थांबून होता. मी जाऊ शकलो असतो. पण त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि ताफ्याला पुढे जायला सांगितलं. प्रल्हादने भिंतीकडे तोंड फिरवलं.

गाड्या तिथेच ठेवून जीपने खाली येताना प्रत्येक खड्ड्याला तो डोळे मिटायचा, पण माझ्याशी बोलला नाही. पोखऱ्याच्या दवाखान्यात बोलला नाही, गोरखपूरच्या गाडीत नाही, मलकापूरच्या फलाटावरही नाही. मी चहा आणून द्यायचो, तो डाव्या हाताने घ्यायचा.

जळगाव जामोदला त्याच्या अंगणात माणसं जमली होती. कुणीतरी हार आणला होता. प्रल्हादने तो घेतला नाही.

"पोचलो नाही," तो म्हणाला. "मधातूनच वापस आलो. ज्याले वर्गणी वापस पाह्यजे, त्यानं सांगावं."

मग शांताबाई पुढे आली. आदिवासी पाड्यांच्या वाटेवरच्या गावातून तीही डायलिसिसला जाते, सुनंदाच्याच बसमध्ये असायची.

"पोचून काय आनाचं होतं बाबा तिथून?" तिने विचारलं. "गाडी येऊन राह्यली का नाही, थे सांग."

"हाव, येऊन राह्यली."

"मंग झालं. बस खाली. हात दुखत असन."

प्रल्हाद ओट्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. सुनंदा गेली तेव्हा सगळ्यांना सावरणारा हा माणूस रडला नव्हता. मी शेजारी बसलो. डोळे पुसून तो म्हणाला, "मास्तर, तुमी जेवले का?"

लो-मान्थांग कसं असतं, हे मला सांगता येणार नाही. माझी कंबर अजून ठणकते. प्रल्हादचा शीण मात्र त्या ओट्यावर थोडा तरी उतरला असावा.