येताना चाळीस

मी एका पायदळ बटालियनचा व्हेइकल मेकॅनिक होतो, हवालदार. युनिट तेव्हा डोंगरात होतं. हेडक्वार्टरपासून फॉरवर्ड पोस्ट अठरा किलोमीटर, रस्ता एकच. एका सकाळी युनिटला कोरी मोटारसायकल मिळाली आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

कोरी गाडी कशी वापरायची, हे मी तिथे हजार वेळा सांगितलं असेल. नव्या बैलजोडीला पहिल्याच दिवशी कोणी खडकाळ रानात जुंपत नाही. इंजिनाचंही तेच. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही. उभ्या गाडीवर रेस करायची नाही. अर्ध्या तासाने थांबून इंजिन थंड होऊ द्यायचं. हे सगळं मी पुठ्ठ्यावर लिहून हँडलला बांधलं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याच्या मागे लंगरच्या कुकने भाज्यांची यादी लिहिली होती.

तोच कुक दूध आणायला गाडी मागायचा. क्लार्क लोक येता-जाता उभ्या गाडीचा कान पिळायचे, नुसता आवाज ऐकायला. मी ओरडायचो, ते हसायचे. शेवटी मी किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली. तर पोरांनी माझं नाव ‘गाडीची सासू’ ठेवलं.

माझं ऐकणारा एकच होता. लान्स नायक भटू, आमचा डीआर, म्हणजे मोटारसायकलवरून निरोप पोचवणारा. पाचोऱ्याकडचा, माझ्याच जळगाव जिल्ह्यातला, म्हणून मला भाऊ म्हणायचा. परत आला की न सांगता पुठ्ठ्यावर किलोमीटर लिहायचा. मी पुन्हा तेच नियम सुरू केले की म्हणायचा, “भाऊ, तुनं बठ्ठं ध्यानमा शे.” म्हणजे तुझं सगळं लक्षात आहे.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. 1410 ला बातमी आली, पोस्टच्या पुढचा पूल खचलाय. पोस्टवरून 1500 ला जवानांच्या तीन गाड्या त्याच पुलाकडे सुटणार होत्या. रेडिओवर पोस्ट उत्तर देत नव्हती. जुनी मोटारसायकल मी सकाळीच खोलून ठेवली होती. सुभेदार साहेबांनी माझ्यापुढे हात केला.

“किल्ली.”

“साहेब, तीनशे दहाच किलोमीटर झालेत. अजून...”

“हवालदार, गाडी चालवायला मिळालीय. पूजेला नाही.”

त्यांचं बरोबर होतं. मी किल्ली भटूला दिली. पण गप्प बसेन तर मी कसला?

“जाताना हवी तशी पळव,” मी म्हणालो. “येताना चाळीस. समजलं?”

“समजनं भाऊ.”

तो 1420 ला निघाला आणि 1441 ला पोचला. गाड्या जागच्या जागी थांबल्या. 1535 ला रेडिओ जिवंत झाला. पोस्टचा ऑपरेटर बोलत होता.

“निरोप मिळाला. गाड्या थांबवल्या. तुमचा डीआर 1540 ला निघतोय. ओव्हर.”

“रॉजर. ओव्हर.”

“डीआर म्हणतो, गाडीच्या सासूला सांगा, येताना चाळीस. ओव्हर.”

सगळी खोली हसली. मीही हसलो.

दरड 1602 ला कोसळली, पोस्टपासून चौदा किलोमीटरवरच्या वळणावर. भटू बरोबर तिथे होता. साठने आला असता तर वळण ओलांडून त्याला आठ मिनिटं झाली असती. हा हिशेब मी इतक्या वेळा केलाय, की आता माझाच मला वैताग येतो.

भटू आम्हाला संध्याकाळी सापडला, गाडी चौथ्या दिवशी. काटा 342 वर होता. चौकशीसाठी इंजिन मीच खोललं. सिलिंडरला एक ओरखडा नव्हता. इतकं नीट वापरलेलं नवं इंजिन मी सगळ्या नोकरीत दुसरं पाहिलं नाही. हातातला पाना कोणाला तरी फेकून मारावासा वाटला, पण मारणार कोणाला?

आता मी जळगावात मेहरूणला राहतो. मागच्या महिन्यात भटूच्या मुलीने, रोहिणीने, पाचोऱ्यात नवी मोटारसायकल घेतली. ती नर्स आहे, रोज दोन-तीन गावं फिरते. तिच्या आईला, म्हणजे वहिनींना, त्याच दिवशी देवीला जायचं होतं. मायलेकी आणि जावई, तिघं एका गाडीवर, घाट चढून. मी कपाळाला हात लावला. पाचशे होईपर्यंत गाडीला मीच हात लावणार, रोहिणीने तोवर जुनी स्कूटर वापरावी, असं सांगून टाकलं.

“एवढं काय शे त्या पाचशेमा?” वहिनींनी विचारलं.

मग मी सांगितलं. इतकी वर्षं त्यांच्यापासून लपवलेलं सगळं, ‘येताना चाळीस’सकट. त्या खाली बघत ऐकत होत्या. आता या मला घराबाहेर काढणार, असं वाटलं. त्या चिडल्या खऱ्या, पण माझ्यावर नाही.

“मनं तं त्यानी कधीच आयकं नही,” त्या म्हणाल्या. “तुमनं बरं आयकं!”

डोळे पुसून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

तेव्हापासून पाचोरा-जळगाव रस्त्यावर मी चाळीसने ये-जा करतो. कापसाने भरलेला ट्रॅक्टरसुद्धा मला मागे टाकतो. मागचे हॉर्न वाजवतात, शिव्या देतात. काल काटा 342 वर आला. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि थंड होईपर्यंत उभा राहिलो. मग किक मारली. 343 झाले.

कोणी ऐकत नाही म्हणून मी जन्मभर लोकांवर ओरडत आलो. पण भटू, त्या दिवशी तू तरी कशाला ऐकलंस रे?